कुजण्याचं नाव मिळालेला रेणू आणि खारवट रानातला ऊस

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलात, की यवतच्या पुढे खुटबाव लागतं. खिडकीबाहेर ऊसच ऊस. पण कालव्याच्या या पट्ट्यात मध्येच एखादा तुकडा असा दिसतो, की ऊस खुरटलेला आणि ढेकळांवर पांढरी खपली. गावात विचारलंत तर सांगतील, "रान खारवट झालंय." आजचा एपिसोड त्या खपलीचा, आणि तिच्याशी झाडाच्या आत झुंजणाऱ्या काही रेणूंचा.

सुरुवात पाण्यापासून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचं धरण झालं, मुठेचा कालवा पूर्वेकडे निघाला. 1885 च्या सुमाराला नीरेचा डावा कालवा सुरू झाला. दुष्काळी मुलखात पाणी आलं, मागोमाग ऊस आला. पण आपली काळी जमीन निचऱ्याला जड. पाणी मुरत गेलं, भूजल वर आलं, उन्हानं पाणी उडालं आणि मीठ वरच राहिलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी 1910 मध्येच नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर अहवाल लिहिला. म्हणजे हा प्रश्न आपल्या पणजोबांच्या काळातला आहे!

आता गंमत बघा. नीरेचा कालवा सुरू होत होता, त्याच सुमाराला, 1885 मध्ये, बर्लिनचे डॉक्टर लुडविग ब्रीगर कुजलेल्या मांसात एक पदार्थ शोधत होते. त्यांनी नाव दिलं पुट्रेसिन. लॅटिनमधल्या कुजण्याच्या शब्दावरून! त्याचा भाऊबंद स्पर्मिन तर त्याहून जुना. 1678 मध्ये लेव्हेनहूकच्या सूक्ष्मदर्शकाची कीर्ती पसरवणाऱ्या निरीक्षणांत, सुकलेल्या वीर्यातले त्याचे स्फटिक होते. ते नेमके काय, हे कळायला 1920 चं दशक उजाडलं. पुट्रेसिन, स्पर्मिडिन, स्पर्मिन. या सगळ्यांना मिळून म्हणतात पॉलिअमाइन.

बरं, झाडाचा यात काय संबंध? 1952 मध्ये इंग्लंडमधल्या रिचर्ड्स आणि कोलमन यांनी बार्लीला पोटॅश कमी पडू दिलं. पानांत पुट्रेसिनचा साठा झाला! मेलेल्या मांसाच्या नावाचा पदार्थ जिवंत, पण अडचणीत आलेल्या पानात. कारण विद्युतभारात आहे. पोटॅशियमसारखाच पॉलिअमाइनवरही धन भार असतो. पेशीतले डीएनए, आरएनए, पेशीपटल यांच्यावर ऋण भार. त्यामुळे पॉलिअमाइन त्यांना चिकटतात, सावरून धरतात. मात्र प्रमाणाबाहेर साठले, तर पानाला इजाही होते.

खारवट रानात नेमकं हेच संकट असतं. सोडियम आत घुसतो आणि पोटॅशियमची जागा बळकावतो. मुळांना पाणी ओढणंही जड जातं. अशा वेळी पॉलिअमाइन पेशीपटलं टिकवायला आणि आयनांच्या काही वाटा अरुंद करायला मदत करतात. आणि ही वरवरची भूमिका नाही. 2005 मध्ये जपानी संशोधकांनी अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात पुट्रेसिन बनवणारी दोन्ही जनुकं बंद केली, तर बीजातला गर्भच वाढेना. 2006 मध्ये स्पर्मिन न बनवणारी रोपं मिठाला लवकर बळी पडली, बाहेरून स्पर्मिन दिल्यावर सावरली.

मग खुटबावच्या शेतकऱ्यानं एखादी बाटली फवारावी का? इथे सावध राहा. प्रयोगशाळेतलं रोप म्हणजे एकरभर ऊस नव्हे. झाड स्वतःच हे रेणू बनवतं, पण त्याचीही एक मर्यादा असते. रानातलं मीठ वाढतच राहिलं, तर कुठलाही रेणू पुरा पडत नाही. चर काढणं, पाण्याचा निचरा करणं, पाणी मोजून देणं, चोपण जमिनीत जिप्सम, धैंचा-तागाचं हिरवळीचं खत. इलाज तिथे आहे. 1932 मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र झालं, तिथलाही भर अशाच कालव्याच्या जमिनींवर राहिला.

पुढच्या वेळी त्या गाडीत बसलात, की खुरट्या उसाकडे जरा बघा. ते पीक हरलेलं दिसेल, पण आत त्याची धडपड चालू असते. त्याला साथ द्यायची की नाही, हे आपल्या चरावर आणि पाण्याच्या पाळीवर आहे.

तुमच्या शिवारात असं खारवट रान आहे का? तुमच्या आजोबांना विचारा, ते पहिल्यांदा कधी पांढरं झालं. भेटू पुढच्या भागात!