बंदी घातली, गाणी सिलोनला गेली

"हल्लीची गाणी म्हणजे नुसता गोंगाट, खरी गाणी पन्नासच्या दशकातली!" मान्य. मलाही तीच आवडतात. पण तेव्हा काय झालं होतं बघा.

१९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. सिनेसंगीत त्यांना उथळ, पाश्चात्त्य वळणाचं वाटायचं. आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळपास हद्दपार झाली. नौशादचा 'बैजू बावरा' आला तो त्याच वर्षी!

लोकांनी काय केलं? सरळ रेडिओ सिलोन लावला. अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' घराघरांत पोचली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली.

केसकरांचं दुसरं काम मात्र टिकलं. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, आकाशवाणी संगीत संमेलन त्यांच्याच काळातलं. मोठमोठे गवई त्यामुळे खेड्यापाड्यांत ऐकू आले.

तेव्हा नवं गाणं नाही आवडलं तर खुशाल बंद करा, पण 'यावर बंदीच घाला' म्हणू नका. सरकारकडे मागायचंच तर हे मागा: आकाशवाणीच्या कपाटांतलं जुनं संगीत सगळ्यांना फुकट आणि सहज ऐकायला मिळू दे. आवड ऐकवून लागते, हुकूम काढून नाही.