पोटगी, टॅक्स आणि मोजलेल्या रात्री

गेल्या मार्चमधली गोष्ट. रविवारी सकाळी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात न्यू जर्सीहून कॉलेजच्या मित्राचा फोन. तिकडे शनिवारची रात्र आणि टॅक्स रिटर्न भरायचा सीझन. साहेब जाम वैतागलेले.

दोन वर्षांपूर्वी त्याचा घटस्फोट झाला. सहा वर्षांची मुलगी आईकडे असते. तिच्या खर्चाचे पैसे दर महिन्याला याच्या पगारातनं परस्पर कापून जातात. "अरे, जे पैसे माझ्या हातात आलेच नाहीत त्यावर मी टॅक्स भरायचा? आणि जिच्याकडे गेले तिला शून्य टॅक्स! हे कसलं लॉजिक?"

मी म्हटलं, बघून सांगतो. आणि त्या नादात अख्खा वीकेंड गेला. कारण हे लॉजिक म्हणजे जुन्या सिस्टिमच्या कोडसारखं निघालं. शंभर वर्षांत पॅचवर पॅच मारलेत, आणि प्रत्येक पॅचमागे कुणीतरी शोधलेली पळवाट आहे.

आधी एक शब्दाची गंमत. आपण बायकोला देतो तीही पोटगी आणि मुलांना देतो तीही पोटगी. आपल्याकडे देणाऱ्याला दोन्हीची वजावट मिळत नाही, त्यामुळे एका शब्दावर भागतं. अमेरिकेत मात्र बायकोची ती अ‍ॅलिमनी आणि मुलांचा तो चाइल्ड सपोर्ट. या दोन शब्दांच्या मधल्या फटीतच सगळा इतिहास घडलाय.

सुरुवात १९१७ ची. अमेरिकेत आयकर येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. रेल्वेसम्राट जे गूल्डचा मुलगा हॉवर्ड गूल्ड विभक्त झालेल्या बायकोला महिन्याला ३,००० डॉलर देत होता. (१९१७ चे डॉलर बरं का!) हे तिचं उत्पन्न धरायचं का, हा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, नाही. बायकोला पोसणं हे नवऱ्याचं कर्तव्य, तेच तो पार पाडतोय. म्हणजे टॅक्स नवऱ्याच्याच डोक्यावर. माझ्या मित्राची आजची तक्रार शंभर वर्षं जुनी आहे म्हणायची!

मग आलं दुसरं महायुद्ध. १९४२ च्या कायद्याने आयकराचा सर्वांत वरचा दर ८८ टक्क्यांवर नेला. आता टॅक्स आणि पोटगी मिळून काही नवऱ्यांच्या कमाईच्याही वर जायची वेळ आली. म्हणून त्याच कायद्यात नियम उलटा केला: अ‍ॅलिमनीची नवऱ्याला वजावट, आणि टॅक्स भरेल बायको. पण करारात मुलांसाठी म्हणून जी रक्कम ठरवून दिली असेल ती यातून वगळली. मला हे पटतं. एकत्र राहणारे आईबाप मुलाच्या दुधाची आणि शाळेच्या बुटांची वजावट कुठे मागतात? घर वेगळं झालं म्हणून बापपण वेगळं होत नाही.

पण 'ठरवून' म्हणजे नेमकं काय? इथेच बग होता. लेस्टर नावाच्या गृहस्थांच्या करारात मुलांसाठी वेगळी रक्कम लिहिलीच नव्हती. फक्त एवढंच होतं की तीन मुलांपैकी कुणाचं लग्न झालं, कुणी स्वतंत्र झालं किंवा वारलं, तर रक्कम एक षष्ठांशाने कमी होईल. आता शाळकरी पोरगाही सांगेल की यातला निम्मा हिस्सा मुलांचा आहे. टॅक्स खात्याचंही तेच म्हणणं होतं. पण १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, करारात स्पष्ट रक्कम नाही ना? मग सगळी अ‍ॅलिमनी. सगळ्याची वजावट.

झालं! वकिलांना फॉर्म्युला मिळाला. हिशेब बघा: नवऱ्याचा दर ५० टक्के, बायकोचा २० टक्के. १०,००० डॉलर मुलांचे म्हणून दिले तर नवऱ्याची वजावट शून्य. तेच 'अ‍ॅलिमनी' म्हणून दिले की त्याचे ५,००० वाचतात, ती २,००० भरते. सरकारचे ३,००० दोघांनी मिळून वाचवले. अट एकच, करारात मुलांचा हिस्सा लिहायचा नाही. पैसे मुलांसाठीच जात होते, फक्त कागदावर मुलं नव्हती.

हा बग फिक्स व्हायला २३ वर्षं लागली. १९८४ च्या कायद्याने सांगितलं, मुलाच्या वयाशी, लग्नाशी किंवा शिक्षणाशी जोडून रक्कम कमी होत असेल तर तेवढा भाग चाइल्ड सपोर्टच, नाव काहीही द्या. शिवाय मुलाला रिटर्नवर कोण दाखवणार, हेही सरळ केलं. आधी कुणी किती खर्च केला यावरून आईबाप बिलं घेऊन भांडायचे. आता ज्याच्याकडे मूल राहतं, त्याचा हक्क. दुसऱ्याला हवा असेल तर पहिल्याने फॉर्म ८३३२ वर सही करून द्यायची.

तरी लोक ते लोकच. १९८६ च्या कायद्याने पाच वर्षांवरच्या अवलंबितांचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहिणं सक्तीचं केलं, आणि पुढच्या वर्षीच्या रिटर्नांमधून सुमारे ७० लाख अवलंबित गायब झाले! त्यात दोन्ही पालकांनी दाखवलेली मुलंही होती. म्हणजे एका काळात मुलं कागदावरून नाहीशी, दुसऱ्या काळात एकाची दोन.

शेवटचा पॅच २०१७ चा. ३१ डिसेंबर २०१८ नंतरच्या घटस्फोटांत अ‍ॅलिमनीचीही वजावट गेली, आणि घेणारीवरचा टॅक्सही गेला. फिरून पुन्हा १९१७!

हे सगळं मित्राला फोनवर सांगितलं. म्हटलं, चाइल्ड सपोर्टची वजावट तुला १९४२ सालीही मिळाली नसती. मात्र फॉर्म ८३३२ वर तिची सही मिळाली तर मुलीमागचं २,२०० डॉलरचं क्रेडिट तू घेऊ शकतोस.

"पण मुलगी कुणाकडे राहते हे ते ठरवतात कसं?"

"रात्री मोजतात. वर्षात जास्त रात्री ज्याच्या घरी झोपली, त्याची."

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "कॅलेंडर उघडलं. मोजल्या. सत्तर."

सही मागणार का, हे मी विचारलं नाही. फोन ठेवताना तोच म्हणाला, "या वर्षी समर व्हेकेशनला तिला जास्त दिवस आणता येतंय का बघतो. टॅक्ससाठी नाही रे."

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.