दगडाची तासीर आणि अल-बिरुनीचा साप

ब्रूकाइट हे नाव बहुतेक मराठी वाचकांनी ऐकलेलं नसेल. टायटेनियम आणि ऑक्सिजन यांचं हे एक दुर्मीळ खनिज. रंग तपकिरी-लालसर, स्फटिक पातळ पाटीसारखे. पाकिस्तानातल्या बलुचिस्तानचा खारान परिसर या स्फटिकांसाठी जगभर ओळखला जातो. अलीकडे 'क्रिस्टल हीलिंग'च्या बाजारात ब्रूकाइटला मोठा मान आहे. हा 'उच्च कंपनांचा' दगड आहे, तो सहस्रार चक्र उघडतो, मनातले अडथळे दूर करतो, असं विकणारे सांगतात.

भाषा शिकवणाऱ्या माणसाने खनिजांच्या भानगडीत का पडावं, असा प्रश्न कुणालाही पडेल. कारण भाषेतच आहे. उरुसाच्या बाजारात अकीक, फिरोजा, याकूतचे नगीने मांडून बसलेला माणूस 'तासीर' म्हणतो. मॉलमधला क्रिस्टलवाला 'एनर्जी' म्हणतो. शब्द दोन, दावा एकच. म्हणून या दाव्याचा इतिहास आपण तपासायला हवा. त्या इतिहासात आपल्याच एका बुजुर्गाने हजार वर्षांपूर्वी फार मोलाचं काम करून ठेवलं आहे.

आधी ब्रूकाइटची हकीकत. १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याला ओढ्याच्या काळ्या वाळूत एक अनोळखी धातू असल्याचं कळलं. १७९५ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ क्लापरोथ याने त्याला 'टायटेनियम' हे नाव दिलं. १८२५ मध्ये वेल्समधून आलेल्या एका स्फटिकाला इंग्रज स्फटिकतज्ज्ञ हेन्री जेम्स ब्रुक यांच्यावरून 'ब्रूकाइट' नाव मिळालं. रूटाइल, अॅनाटेज आणि ब्रूकाइट ही तिन्ही खनिजं म्हणजे टायटेनियम डायऑक्साइडच. फरक फक्त अणूंच्या मांडणीचा. ब्रूकाइट खूप तापवलं तर त्याचं रूटाइल होतं, आणि थंड केल्यावर ते पुन्हा ब्रूकाइट होत नाही.

दुर्मीळ आहे ती ही मांडणी. पदार्थ तसा दुर्मीळ नाही. आपल्या भिंतींच्या पांढऱ्या रंगात आणि बऱ्याच टूथपेस्टमध्ये टायटेनियम डायऑक्साइड असतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टायटेनियमचं खनिज सापडतं. दख्खनच्या काळ्या पाषाणात साधारण २ ते ३ टक्के टायटेनियम ऑक्साइड असतं. वेरूळची लेणी याच पाषाणात कोरली, दौलताबादचा किल्ला याच पाषाणावर उभा राहिला आणि मराठवाड्याची काळी माती याच्याच झिजेतून तयार झाली. टायटेनियम ऑक्साइडच्या नुसत्या सहवासाने माणूस बरा होत असता तर मराठवाड्यात दवाखाना चालला नसता.

विकणारा यावर म्हणेल की, गुण पदार्थात नसून स्फटिकाच्या रचनेत आहे. ठीक आहे. मग रचनेचीच परीक्षा घेऊ.

अशी परीक्षा अबू रेहान अल-बिरुनी यांनी घेतली होती. त्यांचा जन्म ९७३ साली ख्वारिज्ममध्ये झाला. 'किताब-उल-हिंद'मुळे हे नाव आपल्याला ठाऊक असतं. पण आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी गझनीच्या दरबारासाठी रत्नांवर 'किताब-उल-जमाहिर' लिहिली, ती फारशी वाचली जात नाही. त्या काळी एक समज पक्का होता: जमुर्रद, म्हणजे पाचू, पाहिला की सापाचे डोळे निकामी होतात. विद्वानांच्या ग्रंथांत हे लिहिलेलं होतं, लोक एकमेकांना सांगत होते. अल-बिरुनींनी तो समज खोडण्यासाठी वाद घातला नाही. त्यांनी साप आणवला. त्याच्या गळ्यात पाचूंची माळ घातली, खाली पाचू पसरले, डोळ्यांसमोर माळ हलवली. उन्हाळा आणि हिवाळा धरून हा प्रयोग नऊ महिने चालला. सापाच्या डोळ्यांना काहीही झालं नाही. उलट त्याची नजर आणखी तेज झाली असेल तर असेल, अशी मिश्किल नोंद त्यांनी करून ठेवली आहे.

त्याच माणसाने पाण्याच्या भांड्याचं एक खास उपकरण बनवून रत्नं आणि धातू यांचं सापेक्ष वजन मोजलं. खरा नगीना आणि काच यांतला फरक त्यामुळे तराजूवर दाखवता येऊ लागला. आजही हीच पद्धत कामाला येते. ब्रूकाइट पाण्याच्या चौपट जड असतं, साधी काच सुमारे अडीचपट. दगडाबद्दल काय खरं मानायचं, ते अल-बिरुनी मोजून ठरवत होते.

त्यांच्यानंतर जवळपास हजार वर्षांनी, २००१ मध्ये, लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी ८० जणांवर असाच एक प्रयोग मांडला. काहींच्या हातात खरे क्वार्ट्झ स्फटिक दिले, काहींच्या हातात नकली. मुंग्या येणं, ऊब जाणवणं, मन शांत होणं हे अनुभव दोन्ही गटांनी सारखेच सांगितले. ते लोक खोटं बोलत नव्हते. त्यांना जे जाणवलं ते अपेक्षेमुळे जाणवलं. दगड खरा की खोटा, याने काहीच फरक पडला नाही.

गंमत अशी की चक्रांची कल्पना भारतातून पश्चिमेकडे गेली, तिथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला स्फटिकांचा बाजार जोडला गेला, आणि आता तीच कल्पना किमतीची चिठ्ठी लावून आपल्याकडे परत आली आहे.

आपल्या दीनच्या अंगाने पाहिलं तरी चित्र स्पष्ट आहे. हुजूर (स.) यांची अंगठी चांदीची होती आणि पत्रांवर मोहर उमटवण्यासाठी ती वापरली जाई. हजरत उमर (रजि.) यांनी हजर-ए-अस्वदचं चुंबन घेताना तो एक दगडच आहे, त्याच्या हाती नफा नाही की नुकसान नाही, हे उघड सांगितलं होतं. काबागृहाच्या दगडाबद्दल जर हे सांगितलं गेलं असेल, तर बाजारातल्या खड्याला शिफा देण्याचा अधिकार कुणी दिला?

या व्यवहाराची आणखी एक बाजू आहे, ती तासीर सांगणारे कधीच सांगत नाहीत. आपल्याकडे येणाऱ्या अकीकचं जुनं केंद्र गुजरातमधलं खंभात. राजपिपळ्याच्या डोंगराळ भागातून, रतनपूरजवळून, कच्चा अकीक येतो. तिथे सिद्दी समाजाचे पीर बाबा गोर यांचा दर्गा आहे आणि अकीकच्या धंद्याचं मूळ लोकपरंपरा त्यांच्याशीच जोडते. हा दगड भाजून लाल करतात आणि मग चाकावर घासून त्याला आकार देतात. घासताना सिलिकाची बारीक धूळ उडते आणि कारागिरांच्या फुप्फुसांत जाऊन बसते. तिच्यामुळे सिलिकोसिस होतो, त्यातून क्षयाचा धोका वाढतो. फुप्फुसं पुन्हा पहिल्यासारखी करणारं औषध नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांचा अभ्यास केलेला आहे. 'सेहत देणारा' म्हणून आपण जो नगीना बोटात घालतो, त्याने घासणाऱ्याची सेहत घेतलेली असू शकते. दगडाची सिद्ध झालेली तासीर शोधायची तर ती इथे सापडते.

ताईत, कवच यांसारख्या वस्तूंच्या जोरावर आजार बरे करण्याची जाहिरात करू नये, असं सांगणारा कायदा आपल्या देशात १९५४ पासून आहे. पण कायदा प्रत्येक दुकानात आणि प्रत्येक मोबाइलमध्ये पोहोचत नाही. तिथे ग्राहकानेच सवाल करायला शिकलं पाहिजे.

अंगठी घालायला कुणाची ना नाही. नगीना सुंदर असतो, आवडला तर घ्यावा. ब्रूकाइटचा स्फटिक हातात आला तर तो मुलांना जरूर दाखवावा. एकाच पदार्थाची तीन रूपं कशी होतात, हे त्यातून शिकवता येतं. पण साखरेची गोळी बंद करून कुणी खडा घालत असेल, मुलीच्या उदास मनावर डॉक्टरऐवजी स्फटिक शोधत असेल, तर जवळच्या माणसाने गप्प राहू नये. तासीर सांगणाऱ्याला एवढंच विचारावं: हे कुणी, किती महिने तपासून पाहिलं? आणि हा दगड घासणारा आज कसा आहे?