जिवाला बरं नाही

आपल्या नगरकडच्या बायका म्हणतात, 'जिवाला बरं नाही.' अंग दुखलं तरी हेच, मन खचलं तरी हेच. या तीन शब्दांत शरीर आणि मन अशी वाटणी नाही. वैद्यकाच्या इतिहासात मात्र ती फार काळ चालली, आणि आमवाताच्या बाबतीत तिची किंमत मुख्यतः स्त्रियांनी मोजली.

आमवात म्हणजे नुसती म्हातारपणची गुडघेदुखी नव्हे. शरीराची संरक्षक शक्तीच इथे सांध्यांवर उलटते. 'माधवनिदान' या जुन्या वैद्यकग्रंथात आमवाताचं स्वतंत्र प्रकरण आहे. युरोपात 1800 साली पॅरिसच्या एका तरुण डॉक्टरने, लांद्रे-बोव्हे यांनी, अशा दुखण्याचं वर्णन केलं. त्यांच्या रुग्ण होत्या नऊ, आणि सगळ्या स्त्रिया. आजही हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पट अधिक होतो.

1950 साली अमेरिकेतले मनोविश्लेषक फ्रांझ अलेक्झांडर यांनी मनातल्या संघर्षाशी जोडलेल्या सात आजारांत याला बसवलं. त्याच वर्षी कॉर्टिसोनवरच्या संशोधनाला नोबेल मिळालं. एक म्हणे, दुखणं मनाचं. दुसरा म्हणे, सांध्याचं. अख्खी बाई कुणीच पाहिली नाही.

आपल्या जिल्ह्याला लागून, भीमेपलीकडे भिगवणला 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने घरोघर पाहणी सुरू झाली. दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला आमवात आढळला. म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतही तो आहे. या दुखण्यात सकाळी सांधे आखडतात, बोटं मिटत नाहीत. आणि बाईची कामं तर पहाटेचीच : धार काढायची, पाणी भरायचं, भाकरी थापायची. हात चालत नाही म्हणून ती कामचुकार ठरते. दुखण्याहून हा शब्द अधिक खोल लागतो.

2013 साली 72 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दर सहा रुग्णांमागे सुमारे एकाला गंभीर नैराश्य असल्याचं दिसलं. सांधे सुजवणारी रसायनं झोप आणि उमेदही हिरावतात, असं संशोधक मानतात. उलट, मन खचलं की वेदना अधिक बोचते, औषध चुकतं, सूज वाढते. दोन्हीकडून गाठ बसते.

ती सोडवण्याची एक वाट आपल्याच जिल्ह्यात दिसते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुधा निरक्षर बायका तिथे आरोग्यसेविका झाल्या. 2007 साली तिथल्या बायकांशी बोलून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मंडळात एकत्र बसणं, चार पैसे हाती असणं, घरात शब्दाला मान मिळणं, याने मनाला बळ येतं, असं त्यातून पुढे आलं.

आमवाताला औषध लागतंच, आणि ते लवकर सुरू झालं तर सांधे वाचतात. पण दवाखान्यात 'कुठे दुखतं?' या प्रश्नापाठोपाठ 'झोप लागते का? कशात मन रमतं का?' हेही विचारलं गेलं पाहिजे. आणि घरात कुणी 'जिवाला बरं नाही' म्हणालं, तर त्यातला 'जीव' हा शब्द पूर्ण ऐकावा.