नव्या संगीताच्या वह्या

पाश्चात्य वाद्यवृंदासाठीं नवी रचना लिहिली गेली म्हणजे ती लोकांच्या कानीं पडेलच असें नाहीं. वृंदसंचालकासमोर सर्व वाद्यांचें एकत्र स्वरलेखन असावें लागतें. शिवाय प्रत्येक वादकाला त्याच्यापुरत्या स्वरांची निराळी वही लागते. नामांकित जुन्या कृतींच्या वह्या छापील मिळतात. परंतु हयात रचनाकाराची कृति छापण्यास प्रकाशक पूर्वीं सहसा धजत नसे, आणि पदरमोड करून इतक्या वह्यांची नक्कल करविणें कलावंताचें कंबरडें मोडणारें असे.

ही अडचण अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयानें ओळखली. तेथील कारखानदार एडविन फ्लायशर यानें १९०९ सालीं तरुण वादकांच्या शिक्षणासाठीं 'सिंफनी क्लब' स्थापिला होता. त्याकरितां जमविलेलीं स्वरलेखनें त्यानें १९२९ मध्यें ग्रंथालयास अर्पण केलीं. पाठोपाठ मंदी कोसळली. मूकपटांचे दिवस सरल्यानें वादक आधींच उघडे पडले होते. तेव्हां १९३४ पासून १९४३ पर्यंत सरकारच्या बेकारी-निवारण योजनेखालीं बेकार वादकांना नकलनवीस नेमून हयात अमेरिकन रचनाकारांच्या हस्तलिखितांवरून वह्या तयार करविण्यांत आल्या. उपाशी वादकाच्या लेखणीनें उपेक्षित रचनाकाराला तारावें, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे!

१९४१ मध्यें फ्लायशरच्या वतीनें निकोलस स्लोनिम्स्की हा लॅटिन अमेरिकेंतील देश हिंडला आणि तेथील नवीं स्वरलेखनें मिळवून परतला. पंडित भातखंडे यांच्या भ्रमंतीची येथें आठवण होते. मात्र भातखंड्यांना मुख्यतः जुनें वांचवावयाचें होतें, स्लोनिम्स्कीला नवें.

आज या संग्रहांत वीस हजारांहून अधिक कृती असून त्यांच्या वह्या वाद्यवृंदांना वापरावयास मिळतात. कोणतीं वाद्यें लागतील व रचना किती वेळ चालेल, याचीही नोंद सूचींत असते. संचालकाच्या दृष्टीनें ही नोंद रचनाकाराच्या चरित्राहूनही मोलाची.

चार्ल्स आइव्हज याच्या चौथ्या सिंफनीचे पहिले दोनच भाग १९२७ सालीं न्यूयॉर्क येथें वाजले होते. पुढील हस्तलिखित गुंतागुंतीचें होतें. तें लावून वह्या सिद्ध करण्याच्या कामीं फ्लायशर संग्रहाच्या जाणत्या मंडळींनीं पुष्कळ श्रम घेतले, आणि २६ एप्रिल १९६५ रोजीं लिओपोल्ड स्टोकोव्स्की यानें कार्नेगी हॉलमध्यें ती सिंफनी प्रथमच संपूर्ण वाजवून घेतली. आइव्हज १९५४ मध्येंच वारला होता.