सुरक्षित सॉकेट सर्व्हर
सुरक्षित सॉकेट सर्व्हर : जाळ्यातील अन्य संगणकांकडून (ग्राहकांकडून) येणाऱ्या जोडण्या स्वीकारणारी व त्यांवरील संदेश कूटलेखनाने गुप्त राखणारी आज्ञावली. बँकेचे घरबसल्या व्यवहार ह्याच प्रकारच्या आज्ञावलीवर अवलंबून असतात. नवी मुंबईत सीबीडी बेलापूर येथे असलेले भारतीय स्टेट बँकेचे माहिती तंत्रज्ञान केंद्र हे तिचा उपयोग करणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी एक होय.

सॉकेटची कल्पना बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालीतून १९८३ पासून रूढ झाली. सर्व्हर प्रथम सॉकेट निर्माण करतो, त्यास पत्ता व द्वार-क्रमांक (पोर्ट) जोडतो, मागणीची वाट पाहत ऐकत राहतो आणि ती येताच स्वीकारतो. स्वीकारताना मूळ सॉकेट खर्ची पडत नाही. त्या ग्राहकापुरते नवे सॉकेट मिळते व मूळ सॉकेट पुढील मागणीसाठी मोकळे राहते. ह्या चार पायऱ्या आजही त्याच आहेत. गुप्ततेला मात्र त्यांत कोठेही स्थान नव्हते. परस्परांस ओळखणाऱ्या विद्यापीठांच्या जाळ्यात ही उणीव फारशी जाणवलीही नाही. व्यापारी व्यवहार सुरू झाल्यावर ती उघडी पडली. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा हा प्रश्न येथेही येऊन ठेपला.

त्यावरील उपाय अमेरिकेतील नेटस्केप कंपनीने काढला. सॉकेट आणि आज्ञावली ह्यांच्या मधोमध एक स्वतंत्र थर बसविल्याने मूळ पायऱ्यांना हात लावावा लागला नाही. हा ‘सुरक्षित सॉकेट थर’ (एसएसएल) १९९५ मध्ये बाहेर आला व १९९६ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. १९९९ पासून तो टीएलएस ह्या नावाने आंतरराष्ट्रीय मानक बनला. जोडणी स्वीकारल्यावर सर्व्हर आपले प्रमाणपत्र पाठवितो. ते विश्वासार्ह प्राधिकाऱ्याने दिलेले आहे की नाही, हे ग्राहक पडताळतो. मग दोघांमध्ये त्या जोडणीपुरती सामाईक किल्ली ठरते. ह्या प्राथमिक देवाणघेवाणीस वेळ लागतो. नवशिका आज्ञावलीकार ती मागण्या स्वीकारण्याच्या मुख्य आवर्तनातच उरकतो व एखादा ग्राहक संथ वा मुद्दाम गप्प राहिला की बाकीचे सारे ताटकळतात. तेव्हा स्वीकारलेले सॉकेट लगेच वेगळ्या कार्यप्रवाहाकडे सोपविणे व देवाणघेवाणीस कालमर्यादा घालणे इष्ट ठरते.

तथापि रचना चोख असली, तरी किल्ली आखूड असल्यास सारे व्यर्थ. अमेरिकी निर्यात निर्बंधांमुळे परदेशी गेलेल्या आवृत्तीत किल्लीची लांबी ४० बिट एवढीच ठेवलेली होती. तीत सुमारे १ लाख १० हजार कोटी किल्ल्या संभवतात. आकडा प्रचंड वाटला, तरी ऑगस्ट १९९५ मध्ये एका फ्रेंच संशोधकाने शंभराहून अधिक संगणक जुंपून अशी एक किल्ली सुमारे आठ दिवसांत शोधून काढली. जानेवारी २००० मध्ये हे निर्बंध बरेच सैल झाले.

भारतात ह्याच काळात एक विसंगती उद्भवली. १९९८ मध्ये इंटरनेट सेवा खाजगी कंपन्यांना खुली झाली, तेव्हा परवान्यांत परवानगीवाचून ४० बिटांपर्यंतच्याच किल्ल्या वापरण्याची अट होती. उलट भारतीय रिझर्व्ह बँकेने १४ जून २००१ रोजीच्या मार्गदर्शक सूचनांत बँकांनी निदान १२८ बिटांचा एसएसएल वापरावा, असे सांगितले. म्हणजे बेलापुरात वा अन्यत्र सर्व्हर उभारणाऱ्या बँकेला ठेवीदारांच्या रक्षणासाठी जे आवश्यक, ते परवान्याच्या अक्षराला धरून नव्हते. येथे रिझर्व्ह बँकेचीच दृष्टी अधिक वास्तव होती. सुरक्षित थर सर्व्हरपाशी संपतो, हे ओळखून परवलीचे शब्द बँकेच्या आतल्या जाळ्यातही कूटरूपातच फिरावेत, असेही तिने सुचविले होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला असला, तरी त्याखालील पहिल्या प्रमाणन प्राधिकाऱ्यास परवाना मिळण्यास फेब्रुवारी २००२ उजाडले. सार्वजनिक किल्ल्यांची व्यवस्था सिद्ध होईतो बँकांनी स्वतःच ग्राहकांना प्रमाणपत्रे द्यावीत, अशी तात्पुरती सोयही त्याच सूचनांत होती.

२००८ च्या दुरुस्तीने अधिनियमात आलेल्या ८४ अ ह्या कलमाने कूटलेखनाच्या पद्धती ठरविण्याचा अधिकार केंद्र शासनास मिळाला. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यानुसार राष्ट्रीय धोरणाचा मसुदा प्रसिद्ध झाला. सामान्य नागरिकांनीही संदेशांच्या मूळ प्रती ९० दिवस जपून ठेवाव्यात, ह्या त्यातील तरतुदीवर टीकेची झोड उठताच काही दिवसांतच तो मागे घेण्यात आला. त्याच वर्षी एसएसएलची तिसरी आवृत्ती मानकांतून बाद झाली, तर २०२१ मध्ये टीएलएसच्या पहिल्या दोन आवृत्त्याही बाद ठरल्या.