स्नायपर

स्नायपर म्हणजे दडून बसून दूरच्या निवडक लक्ष्यावर अचूक गोळी झाडणारा प्रशिक्षित सैनिक होय. शत्रूच्या हालचालींची टेहळणी करणे हेही त्याचे काम असते.

नाव
स्नाइप हे पाणलावा पक्ष्याचे इंग्रजी नाव आहे. वेडावाकडा उडणारा हा पक्षी टिपणे अवघड असते. १८ व्या शतकात भारतातील ब्रिटिश अधिकारी त्याच्या शिकारीला स्नायपिंग म्हणत. पुढे हा शब्द युद्धात रूढ झाला.

इतिहास
रायफलीच्या नळीतील पेचदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत स्थिर मार्गाने जाते. त्यामुळे लांबवरचा अचूक नेम शक्य झाला. अमेरिकन यादवी युद्धात ९ मे १८६४ रोजी जनरल जॉन सेजविक अशाच नेमबाजाच्या गोळीने ठार झाले. पहिल्या महायुद्धात दुर्बीण बसविलेल्या रायफलींचा वापर वाढला आणि स्नायपरांसाठी प्रशिक्षणशाळा निघाल्या. भारतीय सेनेने सोव्हिएत बनावटीची ७.६२ मिमी ड्रॅगुनोव्ह रायफल दीर्घकाळ वापरली.

महाराष्ट्राशी संबंध
दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ३ ऱ्या बटालियनच्या एका तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. सर्व सहकारी ठार वा जखमी झाल्यावर तुकडीप्रमुख नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने ते ठाणे जिंकले. मात्र त्याच ठाण्यात शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून त्यांना वीरमरण आले. आजच्या रायगड जिल्ह्यातील या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.